भिंतीपलीकडचा श्वास

दादा गेला त्यानंतरच्या पहिल्याच थंडीत आईला त्याचा श्वास ऐकू यायला लागला.

ती कुणाला सांगायला गेली नाही. धाकटीला ते कळलं ते सकाळच्या चहाला. दादा गेल्यापासून आई कपात बघत चहा प्यायची, जणू वर बघितलं तर कुणीतरी काही विचारेल. त्या दिवशी मात्र ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल पडला होता.

"झोप लागली वाटतं आज," धाकटी म्हणाली.

"लागली. मग पहाटे जाग आली." आईनं कप खाली ठेवला. "तो आला होता."

"कोण?"

आईनं नुसती मान वळवून मधल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

त्यांच्या घरात एक लांब बोळ होता आणि बोळाला लागून तीन खोल्या. पहिली आईबाबांची, मधली दादाची, शेवटची धाकटीची. मधली आणि शेवटची मुळात एकच खोली होती. धाकटी मोठी झाल्यावर बाबांनी मध्ये प्लायवूड ठोकून तिच्या दोन केल्या होत्या. त्या प्लायवूडमधून सगळं ऐकू यायचं. दादाचं कुशीवर वळणं, मोबाइलवर हळू आवाजात बोलणं, आणि त्याची शिट्टी.

दादाला लहानपणापासून दमा होता. श्वास बाहेर सोडताना त्याच्या छातीतून बारीक, वर चढत जाणारी शिट्टी वाजायची आणि तिच्या शेवटी जुनं दार कुरकुरावं तसा एक आवाज. घरातली माणसं त्या आवाजावर जगायची. आज कशी आहे? बारीक आहे. मग ठीक. आज घोगरी आहे? मग शाळा नको, पाणी तापवा, खिडकी लावा. त्याच्याकडे दोन पंप होते. एक रोज घ्यायचा, एक अडचणीला. रोजचा कपाटात धूळ खात पडायचा, कारण बरं वाटत असताना औषध कशाला, असं त्याचं म्हणणं. अडचणीचा कायम खिशात. शेवटच्या वर्षी तो पुन्हा पुन्हा रिकामा व्हायचा आणि दादा कुणालाही न सांगता नवा आणायचा.

तो गेला त्या पहाटे शिट्टी बराच वेळ वाजत होती. मग थांबली. आई पलीकडच्या खोलीत जागी होती. तिला वाटलं, लागला बाई एकदाचा डोळा. तीही कुशीवर वळून झोपली. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की शिट्टी वाजते म्हणजे निदान हवा ये-जा करत असते. कधीकधी ती थांबते ते हवाच जात नाही म्हणून. डॉक्टरांनी ते अगदी हळुवारपणे सांगितलं होतं. आईला ते वाक्य जन्मभर पुरणार होतं.

म्हणून आता आईला पहाटे शिट्टी ऐकू येते म्हटल्यावर धाकटीच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तिला बरंही वाटलं. आई पुन्हा बोलत होती.

*

त्यानंतर ते रोजचंच झालं. आई उजाडायच्या आधी उठायची, स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून मधल्या दाराबाहेर ठेवायची आणि अंगाभोवती शाल गुंडाळून बसायची. दार उघडायची नाही. बाबा बसचालक होते. त्यांची पहिली पाळी. ते त्याच सुमारास बूट हातात घेऊन, आवाज न करता तिच्यासमोरून बाहेर पडायचे. आठवडी सुट्टीला कधीकधी दुपारीही आवाज येतो, असं आई सांगायची.

ती जेवायला लागली. केस विंचरायला लागली. पूर्वी ती बालवाडीत शिकवायची, ते तिनं सोडून दिलं होतं. पण आता शेजारणीच्या मुलीला मांडीवर घेऊन तिच्याशी बोबडं बोलताना धाकटीनं तिला पाहिलं.

"बाबा, तुम्हाला येतो ऐकू?" धाकटीनं एकदा जिन्यात गाठून विचारलं.

बाबांनी टोपी नीट केली. "वारा असेल. पाइप असेल. मला काय ठाऊक."

"पण आई—"

"तिला येतो ना? येऊ दे." ते दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, "पोटात दोन घास जातायत तिच्या. उगाच खोदत बसू नकोस."

धाकटीला एकच गोष्ट डाचत होती. तिला तो आवाज येत नव्हता. दादाच्या खोलीला सर्वांत जवळ तीच होती. तो गेल्यावर तिनं आपली कॉट ओढून प्लायवूडला चिकटवली होती. डोकं तिकडे करून झोपायची. शाळेत दादा तिच्यासाठी भांडला होता, सायकल त्यानं शिकवली होती, पहिल्यांदा गुपचूप ओठ रंगवले तेव्हा "जोकर दिसतेस" म्हणून रुमालही त्यानंच दिला होता. आणि आता यायचं तर आईकडे! गेल्यावरही याचं सूत आईशीच, असं मनात म्हणून ती रडली आणि हसलीही.

एकदा ती मुद्दाम जागी राहिली. पांघरुणात बसून, गुडघ्यांना मिठी मारून, कान लाकडाला लावून. बाबा गेले. बोळात स्टुलाचे पाय घासले. खूप वेळ गेला. खिडकी करडी झाली, मग पांढरी. पलीकडे काही नाही.

तिनं दार उघडलं. आई स्टुलावर तशीच बसून होती.

"आज आला नाही," आई म्हणाली. मग धाकटीच्या जागरणानं तारवटलेल्या डोळ्यांकडे बघून, जराही तक्रार नसलेल्या आवाजात म्हणाली, "तू जागी असलीस की तो येत नाही गं."

*

धाकटी एकोणीस वर्षांची होती आणि सोफे दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणायचं एवढंच. एक लांब शेड, वर पत्रा, एका भिंतीशी कापडांचे गठ्ठे आणि मधोमध पोटं फाडून उताणे पडलेले सोफे. मालकाला सगळे मास्तर म्हणत. बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. तोंडात कायम दोनतीन चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या आणि त्यांच्यामधूनच मास्तर बोलायचे.

"हा बघ," नवा सोफा आला की ते म्हणायचे, "या कोपऱ्यात कोण बसायचं ते सांग. आजोबा. कापड झिजलंय ते हाताशी, म्हणजे सारखे उठायचा प्रयत्न करत होते. आणि मधल्या जागेवर कुणी बसलेलंच नाही. नवराबायकोचं पटत नसणार."

धाकटीचं काम उघडण्याचं. जुनं कापड सोलून काढायचं, चुका उपटायच्या, आतला काथ्या, कुजलेला फोम, तुटलेल्या स्प्रिंगा बाहेर काढायच्या. माणसांच्या बुडाखाली वर्षानुवर्षं दाबून बसलेली धूळ एका झटक्यात मोकळी व्हायची आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगत राहायची. धाकटी खोकायची. सगळेच खोकायचे. तोंडाला बांधायची फडकी खिळ्याला लटकत असायची. कुणी बांधायचं नाही.

रोज सकाळी उठल्यावर तिची छाती आवळलेली असायची. गरम चहा पोटात गेला की सुटायची. दादा गेल्यावर भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणाली होती, छातीवर दगड ठेवून जगायचं बाई आता. धाकटीला वाटायचं, हाच तो दगड. दुःख असंच असतं, सकाळी जड आणि दिवसा हलकं. तिला दमा असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. घरात तो मान दादाचा होता. "धाकटीची छाती म्हणजे लोहाराचा भाता आहे," असं आई लहानपणापासून सांगायची.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या नाट्यगृहातला कोच आला. लाल मखमल, खाली उंदरांनी घर केलेलं. धाकटीनं खालचं कापड एका हिसक्यात ओढलं आणि राखेसारखा लोट थेट तिच्या तोंडावर आला. ती खोकली. खोकत राहिली. मग खोकायलाही हवा उरली नाही. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. भरलेल्या मडक्यात वरून पाणी ओतत राहावं तसं. ती खाली बसली. मास्तरांच्या तोंडातल्या चुका जमिनीवर पडल्याचा आवाज तिला लांबून आला.

त्यांनी तिला मालाच्या टेम्पोत पुढे बसवलं आणि गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तिखट. त्यांनी वाफ दिली, औषध दिलं, बोटाला चिमटा लावला. धाकटीचे खांदे हळूहळू खाली आले. मग बाईंनी तिच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं.

"घरात आणखी कुणाला दमा आहे?"

"भावाला होता."

"होता म्हणजे?"

धाकटीनं मान खाली घातली. बाईंना समजलं. त्यांचा आवाज बदलला.

"तुला कधीपासून आहे?"

"मला नाहीये."

"नाहीये?" बाईंनी कानातली नळी काढून तिच्या कानांत घातली आणि दुसरं टोक तिच्याच बरगडीवर धरलं. "घे श्वास. आता सोड. सावकाश."

धाकटीनं श्वास सोडला. बारीक, वर चढत जाणारी शिट्टी वाजली. तिच्या शेवटी जुनं दार कुरकुरलं.

तिनं खोलीत मागे वळून पाहिलं. खरोखर वळून पाहिलं. मागे औषधांचं कपाट होतं आणि दारात टोपी हातात घेऊन उभे असलेले मास्तर.

"दादा," ती म्हणाली.

*

टेम्पोतून परत येताना सगळं तिच्या लक्षात आलं. पहाटे. सुट्टीच्या दिवशी दुपारी. ती झोपलेली असताना. ती जागी असली की नाही. कॉट प्लायवूडला चिकटलेली, आणि मधल्या रिकाम्या खोलीत तिचाच श्वास शिरून, घुमून आईच्या कानाशी जात होता.

डॉक्टरीणबाईंनी तिलाही दोन पंप दिले होते. आणि एक फुगीर प्लास्टिकची नळी, जिच्यातून औषध ओढायचं. "हा अडचणीचा. आणि हा रोजचा, बरं वाटत असलं तरी. हाच खरा. घेतल्यावर चूळ भर. धुळीत नाकातोंडावर मास्क, त्यात तडजोड नाही. आणि घरी सांग. आईला घेऊन ये."

"येते," धाकटी म्हणाली.

ती सांगणारच होती. पण घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी घासता घासता गुणगुणत होती. काय सांगणार? की तो येत नाही, कधी आलाच नव्हता? वर, ज्यानं थोरल्याला नेलं ते आता माझ्यात आहे? तिनं पंप कामाच्या पिशवीत, एप्रनच्या घडीत ठेवले.

रोजचा पंप ती चोरून न्हाणीघरात घेऊ लागली, नळ सोडून. औषधानं हळूहळू काम केलं. सकाळी छाती मोकळी असायची. घराचा जिना ती एका दमात चढली आणि वर पोचल्यावर तिला कळलं की आपण एका दमात चढलो. दगड उतरला होता. म्हणजे ते दुःख नव्हतंच, तिच्या मनात आलं, आणि तिला कसंतरी झालं.

आणि पलीकडे शिट्टी थांबली.

आई पहिले काही दिवस नुसती गप्प झाली. मग आणखी लवकर उठू लागली. मग झोपेनाशीच झाली. ताटातलं अन्न चिवडून उठायची. एके सकाळी धाकटी बाहेर आली तर आई स्टुलावर नव्हती. जमिनीवर बसली होती, कपाळ मधल्या दाराला टेकून.

"आई, उठ. थंड आहे फरशी."

"मी त्याला काही बोलले का गं?" आईनं विचारलं. "रागावले असेन. आठवत नाही मला."

बाबांनी त्या संध्याकाळी धाकटीशी बोलताना प्रथमच आवाज चढवला. तिच्यावर नाही, कशावरच नाही. "पुन्हा तेच सुरू झालं बघ. पुन्हा तेच. आता काय आणून देऊ मी तिला?" आणि मग स्वतःलाच ऐकून ते चपापले, हात धुवायला निघून गेले.

धाकटी आपल्या खोलीत जाऊन कॉटवर बसली. प्लायवूडवर तळवा ठेवला. काय आणून द्यायचं ते तिला ठाऊक होतं. ते तिच्यापाशीच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रोजचा पंप घेतला नाही.

शिट्टी परत यायला काही दिवस लागले. ती आली हे तिला आईच्या पावलांवरून कळलं. बोळातून स्वयंपाकघराकडे जाणारी पावलं पुन्हा हलकी झाली होती. आईनं त्या दिवशी अंडी केली, आणि बाबांना आग्रह करून दोनदा वाढलं. धाकटीला घास गिळताना त्रास होत होता, तरी ती हसली. आपली छाती आपण दादाला वापरायला दिली आहे, असं तिला वाटायचं. झोपताना ती मनात म्हणायचीही, ये. आणि कधीकधी, अर्धवट झोपेत, तिला खरंच वाटायचं की आपल्या बरगड्यांच्या आत कुणीतरी कुशीवर वळलं.

दिवसा ती अडचणीच्या पंपावर भागवायची. आधी क्वचित. मग कापड सोलायच्या आधी एकदा, नंतर एकदा. मग जिन्यावर. मग बोलता बोलता वाक्याच्या मध्ये.

"ए," मास्तर एकदा म्हणाले, "हे असं सारखं सारखं ओढायचं असतं का? त्या बाई तर वेगळंच काहीतरी सांगत होत्या."

"असंच असतं."

"माझं अर्धं आयुष्य खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांत गेलंय." त्यांनी तोंडातल्या चुका काढून हातावर घेतल्या. "सोफा मांजरानं फाडला म्हणतात. घरात मांजर नसतं. दवाखान्यात जा, नाहीतर मी येतो घरी आणि सांगतो."

"सोमवारी जाते."

पण सोमवारच्या आधीच तिला सर्दी झाली.

*

त्या आठवड्यात खाली जिन्याला रंग देत होते. वास वरच्या मजल्यापर्यंत चढला होता आणि थंडीमुळे सगळ्या खिडक्या बंद. बाबा पाळीवर गेले होते. आई मधल्या दाराबाहेर बसली होती.

शिट्टी इतकी मोठ्यानं कधीच वाजली नव्हती. आईनं शाल घट्ट धरली. आज तो अगदी जवळ होता. दाराच्या फटीपाशी तोंड लावून श्वास सोडत असावा तसा. श्वास भरभर येत होते, एकात एक अडकत होते. आईला आनंदही होत होता आणि कसली तरी भीतीही वाटत होती, आणि ती त्या भीतीकडे बघत नव्हती. "हळू रे," ती दाराला म्हणाली. "हळू, राजा."

मग शिट्टी थांबली.

आई वाट बघत राहिली. बोळात घड्याळ चालत होतं. खाली रंगाऱ्याची बादली सरकली. लागला असेल डोळा, असं तिच्या मनात आलं, अगदी त्याच शब्दांत, आणि ते शब्द मनात उमटताच ती ताडकन उठली. स्टूल उलटलं. दादाची खोली आवरून लावल्यापासून न उघडलेलं दार तिनं ढकललं.

आत कुणी नव्हतं. ताणून अंथरलेली चादर, खुर्चीवर घडी केलेला स्वेटर, बंद हवेचा वास. आई खोलीच्या मध्यावर उभी राहिली. आणि तिच्यासमोरच्या प्लायवूडवर, पलीकडून, कुणीतरी तळवा आपटला. एकदा. मग घसरत खाली गेल्यासारखा आणखी एकदा.

धाकटी कॉटच्या काठावर वाकून बसली होती. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. खांदे वरखाली होत होते, गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती, पण आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता. ओठ राखाडी पडले होते.

आई किंचाळली नाही. नंतर तिलाच त्याचं नवल वाटलं.

"पंप आहे?"

धाकटीनं पिशवीकडे बोट केलं. आईनं पिशवी जमिनीवर उपडी केली. कात्री, चुका, एप्रन, पंप, नळी. का आहे, कधीपासून आहे, हे विचारायला वेळ नव्हता आणि कसं द्यायचं हे तिच्या हातांना ठाऊक होतं; वीस वर्षं ते हेच करत आले होते. तिनं धाकटीला ताठ बसवलं, नळी तोंडाला लावली, दाबलं. दुसऱ्या हातानं फोन कानाशी धरून पत्ता सांगितला, मजला सांगितला, "मुलगी, दमा, आवाज बंद झालाय, लवकर या" असं स्पष्ट सांगितलं.

"बघ माझ्याकडे. खाली नाही, माझ्याकडे. ओढ. आता सोड, मेणबत्ती विझवायची आहे आपल्याला. पुन्हा. छान. कुणी विझवली? पुन्हा." बालवाडीतल्या मुलांशी बोलायची तसंच ती बोलत होती. पुन्हा दाबलं. पुन्हा.

कितीतरी वेळानं, दूर कुठेतरी असल्यासारखी, शिट्टी वाजली. बारीक. तुटक. आईनं कान धाकटीच्या छातीला लावला आणि तेव्हा तिला रडू फुटलं. "वाज," ती म्हणत होती, "वाज गं बाई, वाज," आणि गाडीतून आलेल्या माणसांनी तिला बाजूला करेपर्यंत ती तिथून हलली नाही.

*

मोठ्या दवाखान्यात धाकटीला बरेच दिवस ठेवलं. बाबा पहिल्या दिवशी गणवेशातच धावत आले. बस कुणाच्या तरी ताब्यात देऊन, जेवणाचा डबा मात्र काखेत तसाच. ते कॉटपाशी उभे राहिले आणि काय करावं न सुचून त्यांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली, मग विसकटली, मग पुन्हा सारखी केली.

बोलणं झालं ते तोंडावरचा मास्क निघाल्यावर. दुपार होती, बाबा चहा आणायला गेले होते.

"तू औषध घेत नव्हतीस," आई म्हणाली. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"घेत होते. मग सोडलं."

"का?"

धाकटीनं छताकडे बघितलं. "घेतलं की आवाज जायचा. आवाज गेला की तू जेवायची नाहीस."

आईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"आई, तुला कळलं नव्हतं का? इतक्या दिवसांत, एकदाही?"

शेजारच्या कॉटवरच्या बाईला भेटायला माणसं आली, खुर्च्या सरकवल्या गेल्या, कुणीतरी संत्रं सोललं.

"एकदा कळलं होतं," आई म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी दुपारी तू स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून झोपली होतीस. आवाज तिथून येत होता. मी समोरच उभी होते तुझ्या. मग मी उठून... उभीच होते मी. मी तिथून निघाले आणि त्याच्या दाराशी जाऊन बसले."

"तिथे ऐकू येत होता?"

"नाही."

"मग?"

"तरी बसले."

धाकटीला राग आला. इतका की नर्सनं बोटाला लावलेलं यंत्र टिकटिकायला लागलं. तो राग पुढे बरेच महिने येत-जात राहिला. भाजी चिरताना, आईनं सहज "दमलीस का" विचारल्यावर, कुठेही. पण त्या वेळी तिला आईचा हात सोडवेना. दोघींनी मिळून काय केलं होतं ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि बाबा चहा घेऊन आले तेव्हा दोघी गप्प झाल्या.

*

धाकटी आता रोजचा पंप आईसमोर घेते. डॉक्टरीणबाईंनी फुंकायची एक नळी दिली आहे, तिच्यावर काटा सरकतो. तो कुठवर गेला की काळजी नाही आणि कुठे अडला की दवाखान्यात निघायचं, हे घरातल्या तिघांनाही पाठ आहे. मास्तरांनी तिला उघडण्याच्या कामावरून काढून कापणीच्या टेबलावर बसवलं, धूळ ओढायचं मोठं यंत्र घेतलं आणि मास्क न बांधणाऱ्याला शेडबाहेर उभं करायला सुरुवात केली. "आता कुणाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे कारखान्याची शोभा वाढली," असं ते येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात. धाकटीचा हात कापणीत चांगला बसला आहे. जिने चढताना ती अजूनही वर पोचून एक क्षण थांबते, छातीत काय आहे ते चाचपून बघते.

कॉट तिनं खिडकीकडे सरकवली. आईनं स्टूल पुन्हा मधल्या दाराशी नेलं नाही. दादासाठी ती खरी रडली ती त्यानंतर, कित्येक दिवस, भर दुपारी, शेजारपाजारचं भान न ठेवता. बाबा तिच्याजवळ बसून राहायचे. पुढे ती बालवाडीत अर्धा दिवस जाऊ लागली.

पण पहाटे तिला अजून जाग येते. घर गप्प असतं. इतकं गप्प की धाकटीलाही त्या शांततेनं कधीकधी जाग येते. मग तिला कळतं की आपल्या दारात कुणीतरी उभं आहे. आई. अनवाणी, शाल पांघरून, मान किंचित कलती करून. ती ऐकत असते.

धाकटी डोळे मिटून पडून राहते. श्वास आत जातो, बाहेर येतो, कुठे काही अडत नाही. आईला तेवढंच ऐकायचं असतं, की आणखी काही, हे तिला कळत नाही. विचारावंसं वाटतं, विचारवत नाही.

एकदा तिनं डोळे उघडले.

"झोप," आई लगेच म्हणाली. "मी काही ऐकायला नाही आले."

"मग?"

"बघायला आले."

आई आत आली, कॉटच्या काठावर बसली. तिचे पाय गार होते, ते तिनं धाकटीच्या पांघरुणात सरकवले. बाहेर बाबांच्या बसचा असावा तसा एक आवाज वळणावर आला आणि गेला. थोड्या वेळानं आई बसल्या बसल्याच पेंगली. धाकटी जागी राहिली, आईच्या झोपलेल्या श्वासाकडे कान लावून.